जिनिंगचा कारखाना शेतीत का मोजतात?

यवतमाळ किंवा अकोल्याकडच्या एखाद्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात हंगामात गेलात, तर शेतीची आठवण यावी असं फक्त दारातल्या गाड्यांत दिसतं. आत पत्र्याची लांबलचक शेड, ओळीने लावलेली यंत्रं, कापूस ओढून नेणारे पाइप, हवेत रुईची धूळ आणि टोकाला गाठी बांधणारा प्रेस. मजूर पाळीने येतात, कारखाना म्हणून नोंदणी असते. तरीही केंद्र सरकारच्या वार्षिक उद्योग पाहणीत या कारखान्याला जो संकेतांक मिळतो, तो ०१ ने सुरू होतो आणि ०१ म्हणजे शेती. पूर्ण क्रमांक ०१६३२: कापसाचं जिनिंग (सरकी वेगळी काढणं), साफसफाई आणि गाठी बांधणं. १९८७ च्या सरकारी यादीत हेच काम सुती कापडाच्या प्रभागात २३० क्रमांकावर होतं. ते १९९८ च्या यादीत शेतीकडे गेलं. शेडमधल्या यंत्रांना त्याचा पत्ताही नव्हता.

हा कारकुनी घोळ वाटेल, पण तसा तो नाही. देशात कोण काय काम करतं हे मोजायचं, तर आधी कामांची यादी लागते. ती यादी आपल्यापुरती हवी, शिवाय जगाच्या याद्यांशी जुळायलाही हवी. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधताना कुठेतरी मुरड घालावीच लागते. ती कुठे आणि कशी घालतात, ते जरा सावकाशीने पाहू.

जगाची यादी संयुक्त राष्ट्रांची आहे. सर्व आर्थिक व्यवहारांचं हे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण पहिल्यांदा १९४८ मध्ये स्वीकारलं गेलं. नंतर १९५८, १९६८ आणि १९९० मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या आल्या, २००२ मध्ये किरकोळ डागडुजी झाली आणि २००८ मध्ये चौथी आवृत्ती आली. भारताची यादी साधारण त्यांच्या मागोमाग चालत आली: १९६२, १९७०, १९८७, १९९८, २००४ आणि २००८. आज छोट्या उद्योगांच्या ‘उद्यम’ नोंदणीच्या वेळी लोक ज्याला ‘एनआयसी कोड’ म्हणतात, तो या शेवटच्या यादीतला, म्हणजे राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण २००८ मधला.

तिची रचना अशी. सर्वांत वर ए ते यू अशी २१ अक्षरं, म्हणजे विभाग: शेती, खाणकाम, वस्तुनिर्माण, वीज, बांधकाम, व्यापार वगैरे. त्याखाली दोन आकडी ८८ प्रभाग, मग तीन आकडी २३८ गट. इथपर्यंत भारताची आणि जगाची यादी तंतोतंत सारखी आहे. चौथ्या आकड्याला वर्ग म्हणतात. तोही जगाच्या यादीवरच बेतलेला. जगाची यादी तिथे थांबते. पाचवा आकडा मात्र सर्वस्वी भारताचा. त्या आकड्यावर उभे राहिलेले उपवर्ग १,३०४ आहेत. आपल्या देशाला स्वतःबद्दल जे काही वेगळं सांगायचंय, ते जवळपास सगळं या एका आकड्यात सांगावं लागतं.

तंबाखूचं उदाहरण घ्या. जगाच्या यादीत तंबाखूच्या वस्तू बनवणं हा एकच वर्ग आहे, १२००. सिगारेटचे चार मोठे कारखाने असलेल्या देशाला तेवढं पुरतं. भारताला ते पुरणारच नव्हतं. म्हणून पाचव्या आकड्यावर १२००१ म्हणजे पानाचे देठ काढणं व तंबाखू वाळवणं, १२००२ बिडी, १२००३ सिगारेट, १२००४ सिगार आणि चिरूट, १२००५ तपकीर, १२००६ जर्दा, १२००७ कात आणि खायचा चुना, १२००८ पानमसाला, आणि उरलंसुरलं १२००९ मध्ये. पाचव्या आकड्यात ९ दिसला की समजावं, हा ‘इतर’चा डबा. एखाद्या वर्गाचे तुकडे पाडलेच नसतील, तर तिथे ० येतो. ऊस लागवडीचा क्रमांक ०११४० आहे तो यामुळे.

नऊ तुकडे पाडण्याचा उपयोग काय? बिडी आणि सिगारेट यांची विक्री एका रकान्यात टाकली, तर सरासरी कामगार कसा दिसेल याचा विचार करा. सिगारेटच्या यंत्रावर माणसं मोजकी आणि माल प्रचंड. सोलापुरात किंवा गोंदियात बिडी वळणाऱ्या बाईच्या हातात तेंदूपत्ता, कात्री आणि सूप. दोघांची सरासरी काढली, तर जो आकडा येतो त्याचा माणूस देशात कुठेच सापडत नाही. मजुरीचं धोरण, आरोग्याची योजना, कराचा विचार यांतलं काहीच त्या आकड्यावर बेतता येत नाही. पाचवा आकडा आहे म्हणून बिडीचं वेगळं चित्र निघतं. वार्षिक उद्योग पाहणीत नेहमीच्या कारखान्यांबरोबर १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याखाली नोंदलेल्या जागाही घेत आले आहेत.

औषधांचंही तसंच. जगाच्या यादीत २१०० हा एक वर्ग. आपल्याकडे २१००२ ॲलोपॅथी, २१००३ आयुर्वेदिक आणि युनानी, २१००४ होमिओपॅथी.

खाद्यपदार्थांत तर गंमतच आहे. जगाच्या यादीत १०७९ हा वर्ग म्हणजे ‘इतरत्र न मोडणारे खाद्यपदार्थ’. भारताची चहाची प्रक्रिया, मसाले दळणं आणि पापड हे सगळं या ‘इतर’मध्ये जातं! मग पाचव्या आकड्याने त्यांना नावं दिली: १०७९१ चहा, १०७९५ मसाले, १०७९६ पापड. डाळीची गिरणी १०६१३ वर आहे, आणि गुऱ्हाळ १०७२२ वर. पण वरचे चार आकडे जगाचेच राहतात. त्यामुळे संयुक्त राष्ट्रांच्या तक्त्यात भारताचा मसाल्याचा धंदा दिसतच नाही. तो ‘इतर खाद्यपदार्थ’ म्हणून दिसतो. यादी घडवताना ज्या देशांचा आवाज मोठा होता, त्यांच्या धंद्यांना नाव मिळालं आणि बाकीच्यांचे धंदे ‘इतर’ झाले, असं मला वाटतं. हे कुणी मुद्दाम केलं असं नव्हे, पण परिणाम व्हायचा तो होतोच.

आता घातलेल्या मुरडीची दुसरी बाजू. १९७० आणि १९८७ च्या याद्यांमध्ये आपण स्वतःच्या गरजेप्रमाणे बरंच स्वातंत्र्य घेतलं होतं. सुती विणकामाचे गटच वेगळे होते, १९८७ मध्ये ते असे: खादी २३२, हातमाग २३३, यंत्रमाग २३४, गिरण्या २३५. इचलकरंजी, मालेगाव किंवा भिवंडीचा माणूस ही वाटणी लगेच ओळखेल. त्याच्यासाठी हे चार वेगळे धंदे आहेत, त्यांचे मालक वेगळे, मजुरी वेगळी, सरकारदरबारी भांडणंही वेगळी. परंतु आंतरराष्ट्रीय यादीचा एक ठाम नियम आहे. काम हाताने होतं की विजेच्या यंत्राने, कारखान्यात होतं की घरात, मालक सरकार आहे की खासगी, धंदा नोंदलेला आहे की नाही, यावरून वर्ग बदलायचा नाही. विणकाम ते विणकाम. १९९८ पासून आपण तो नियम पाळायला लागलो, आणि २००८ च्या यादीत सुती व सुतीमिश्र कापडाचं विणकाम १३१२१ या एकाच क्रमांकावर आलं. हातमाग आणि यंत्रमाग एका रकान्यात.

तत्त्व म्हणून नियम बरोबर आहे. काम काय चाललंय आणि ते कसं चाललंय, हे दोन प्रश्न आहेत. एकाच क्रमांकात दोन्ही कोंबले, तर प्रत्येक धंद्याचे चार-चार तुकडे पाडत बसावं लागेल. ‘कसं’साठी पाहणीच्या पत्रकात वेगळा रकाना ठेवायचा, हा त्यावरचा शास्त्रशुद्ध उपाय. पण व्यवहारात छापील तक्ते क्रमांकाप्रमाणेच निघतात आणि वेगळा रकाना बहुतेकदा कच्च्या माहितीतच पडून राहतो. हातमागासाठी मग वेगळी गणना करावी लागते, तशी ती होतेही. तिचे आकडे उद्योग पाहणीच्या आकड्यांशेजारी ठेवून वाचणं मात्र सोपं नसतं. जगाशी जुळल्याची किंमत इथे आपण पुरेपूर मोजली आहे.

जिनिंगच्या बाबतीत मात्र मला जगाची बाजू पटते. पीक पहिल्या बाजारात उभं राहण्याजोगं करणं हे शेतीचंच शेवटचं पाऊल, अशी त्यांची व्याख्या आहे. सरकी वेगळी झाली तरी तंतू तोच राहतो. सूत कातलं की वस्तू बदलते. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांची स्वतःची सामाईक यादी १९९७ पासून आहे आणि ती आंतरराष्ट्रीय यादीपेक्षा बरीच वेगळी आहे, तरी जिनिंग तिथेही शेतीपूरक सेवांतच. फक्त वाचणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हवं. विदर्भातल्या कारखानदारीचा अंदाज घेताना कुणी फक्त वस्तुनिर्माणाचे, म्हणजे १० ते ३३ हे प्रभाग बेरजेला घेतले, तर जिनिंगचे सगळे कारखाने त्या बेरजेतून गळतील.

यादी तयार झाली तरी अर्धं काम बाकी असतं. समोरच्या कारखान्याला कोणता क्रमांक द्यायचा? एका जागी एकच काम चालतं, असं फार थोड्या ठिकाणी असतं. पश्चिम महाराष्ट्रातला सहकारी साखर कारखाना पाहा. साखर निघते, मळीपासून डिस्टिलरीत मद्यार्क निघतो, बगॅस म्हणजे उसाचा चोथा जाळून वीज तयार होते आणि ती ग्रिडला विकली जाते. साखर १०७२ मध्ये, मद्यार्क त्या वर्गात बसत नाही, वीज तर विभागच बदलून ३५ व्या प्रभागात जाते. नियम असा की एका घटकाला एकच क्रमांक, आणि तो मुख्य कामाचा. मुख्य काम कोणतं, हे मूल्यवृद्धीवरून ठरवावं असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगतं. म्हणजे मालाच्या किमतीतून कच्चा माल आणि बाहेरून विकत घेतलेल्या इतर गोष्टींचा खर्च वजा जाता जे उरतं, ते ज्या कामात सर्वांत जास्त, ते मुख्य. प्रत्यक्षात प्रत्येक कामाचा खर्च वेगळा मांडून कोण देणार? म्हणून आपल्या उद्योग पाहणीत ज्या उत्पादनाचं मूल्य सर्वांत मोठं, त्याच्यावरून क्रमांक ठरतो.

यात एक धोका आहे. दोन उत्पादनं जवळपास तुल्यबळ असली, तर भाव वरखाली होताच कारखाना एका वर्षी एका वर्गात आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या वर्गात जाऊ शकतो. मग तक्त्यात एक उद्योग अचानक आक्रसलेला आणि दुसरा फुगलेला दिसतो. गावात मात्र काहीच घडलेलं नसतं. त्यामुळे चांगली सांख्यिकी कार्यालयं एका वर्षाच्या उलथापालथीवर लगेच क्रमांक बदलत नाहीत. डिस्टिलरीचे हिशेब वेगळे ठेवलेले असतील, तर तिला वेगळा घटक मानून वेगळा क्रमांक देणं हा त्याहून चांगला मार्ग.

गुऱ्हाळाची अडचण याहून नाजूक आहे. कोल्हापूरकडचा शेतकरी स्वतःच्याच रानात गुऱ्हाळ घालतो आणि स्वतःचाच ऊस गाळतो. तो शेतकरी की गूळ बनवणारा? उत्तर पुन्हा मूल्यवृद्धीतच आहे, पण ते काढायला स्वतःच्या उसाला बाजारभाव लावावा लागतो. पाहणी करणारा माणूस दारात उभा असताना एवढं गणित कोण करतो, हे सांगायला नकोच.

इथवर कामाची यादी झाली. वस्तूंची यादी वेगळी असते, आणि या दोहोंत लोक फार गल्लत करतात. कामाची यादी विचारते, तुम्ही काय करता? वस्तूंची यादी विचारते, ही वस्तू काय आहे? गूळ ही वस्तू आहे, गुऱ्हाळ चालवणं हे काम. वस्तूंच्या जगात सर्वांत भक्कम यादी जकात खात्यांची आहे. तिचे सहा आकडे जगभर एक असतात. ती १९८८ पासून लागू आहे आणि जीएसटीच्या बिलावर आपण ज्याला एचएसएन म्हणतो, ती हीच. भारत जकातीसाठी तिच्यापुढे आणखी दोन आकडे जोडतो. पण ही यादी बंदरावर माल तपासणाऱ्याच्या सोयीची. सेवा बंदरातून जात नाहीत, त्यामुळे केस कापणं, वकिली किंवा खानावळ तिच्यात नाही.

ती उणीव संयुक्त राष्ट्रांच्या उत्पादन वर्गीकरणाने भरून काढली. वस्तूंसाठी जकातीच्याच यादीचे तुकडे वापरले, सेवांची भर घातली आणि प्रत्येक उत्पादन साधारण कोणत्या उद्योगातून येतं ते जोडून दिलं. सेवांच्या जीएसटी क्रमांकांत ही यादी आजही ओळखू येते. उपाहारगृहाच्या सेवेचा क्रमांक ९९६३३१ आहे. त्यातले सुरुवातीचे ९९ काढून टाका. उरलेले ६३३१ हे संयुक्त राष्ट्रांच्या यादीतलेच, उपाहारगृहात बसवून जेवण वाढण्याचे.

कारखान्यांसाठी भारताने २०११ मध्ये सात आकडी उत्पादन यादी केली. पहिले पाच आकडे संयुक्त राष्ट्रांचे, शेवटचे दोन आपले. त्याआधी उद्योग पाहणीची स्वतःची पाच आकडी यादी होती, ती घरगुती गरजेला ठीक होती पण कुणाशीच जुळत नव्हती. या सात आकड्यांचा उपयोग पुन्हा कापसात पाहू. जागतिक यादीत पाच आकड्यांवर कापूस म्हणजे कापूस, सरकी काढलेला असो वा नसो. पण जिनिंग कारखान्याच्या एका दारातून सरकीसकट कापूस आत येतो आणि दुसऱ्या दारातून रुई बाहेर जाते. दोन्हींना एकच क्रमांक दिला, तर कागदावर कारखाना कापूस विकत घेऊन कापूसच विकतो! सहावा आणि सातवा आकडा हवा तो इथे.

यादी बदलण्याचा दिवस हा या सगळ्यातला सर्वांत खर्चिक दिवस. जुन्या आणि नव्या क्रमांकांचा जुळणी तक्ता करावा लागतो. काही क्रमांक सरळ एकास एक जातात. काही ठिकाणी जुने दोन मिळून नवा एक होतो, तेही सोपं. एका जुन्याचे तीन नवे होतात तेव्हा खरी डोकेदुखी सुरू होते, कारण जुन्या वर्षांच्या माहितीत ती फोड नोंदलेलीच नसते. २००८ च्या यादीत पुस्तक आणि वृत्तपत्र प्रकाशन वस्तुनिर्माणातून उचलून माहिती व दळणवळण या नव्या विभागात ठेवलं. छपाई मागेच राहिली. पुण्यातला जो प्रकाशक हस्तलिखित घेतो आणि दुसऱ्याच्या छापखान्यात छापून घेतो, तो तोवर आकडेवारीत ‘वस्तुनिर्माता’ होता. बदलाच्या वर्षी वस्तुनिर्माणाच्या बेरजेतून हे सगळे निघून गेले. जुनी मालिका नव्या यादीप्रमाणे मागे नेऊन दुरुस्त न करता दोन वर्षांची तुलना केली, तर पुस्तकांचा धंदा कोसळला असं भलतंच अनुमान निघेल. यावरचा उपाय सगळ्यांना माहीत आहे: निदान एक वर्ष प्रत्येक घटकाला दोन्ही क्रमांक द्यायचे आणि त्यातून वाटणीचं प्रमाण काढायचं. ते काम किचकट असतं, त्याला वेळ आणि माणसं लागतात.

क्रमांकासोबत आवृत्तीचं वर्ष लिहिलं नाही तर काय होतं, त्याचा नमुना कुणालाही पाहता येतो. कंपनीच्या २१ अक्षरी नोंदणी क्रमांकात पहिल्या अक्षरानंतरचे पाच आकडे उद्योगाचे असतात. इन्फोसिसच्या क्रमांकात तिथे ८५११० आहे. १९९८ च्या यादीत ८५११ म्हणजे रुग्णालयं. २००८ च्या यादीत ८५ म्हणजे शिक्षण. कंपनी यांतलं काहीच करत नाही! नोंदणी क्रमांक ओळखीसाठी असतो, त्यावरून उद्योग मोजायला बसू नये, एवढंच यातून घ्यायचं.

आता पुन्हा बदलाचे दिवस आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०२३ मध्ये पाचव्या आवृत्तीला मान्यता दिली. विभाग २१ चे २२ झाले. प्रकाशन व प्रसारण एकीकडे आणि दूरसंचार व संगणक सेवा दुसरीकडे, अशी फोड झाली. त्यामुळे त्यापुढच्या विभागांची अक्षरं एकेक घर सरकली. दुकानातून विकता की इंटरनेटवरून, हा किरकोळ व्यापारातला भेद काढून टाकला. दुसऱ्याचा माल किंवा दुसऱ्याची सेवा फक्त जुळवून देणाऱ्या मध्यस्थांसाठी वेगळे वर्ग केले. घरी जेवण पोचवणारं ॲप खानावळ नाही आणि वाहतूकदारही नाही, हे मोजणाऱ्यांना आता अधिकृतपणे म्हणता येईल. उत्पादनांच्या यादीची नवी आवृत्तीही २०२४ मध्ये आली.

भारताची यादी नव्या आवृत्तीशी जुळवताना आपल्या पाचव्या आकड्याची जी चर्चा होते, तिच्यात व्यापारी संघटना, यंत्रमाग संघ, बचत गटांचे महासंघ यांनी उतरायला हवं असं मला वाटतं. पुढची बरीच वर्षं कोणता धंदा नावाने दिसणार आणि कोणता ‘इतर’मध्ये राहणार, हे त्या चर्चेत ठरतं. एकदा यादी छापली की आकडे त्याच साच्यात येत राहतात आणि मग निवेदनं देऊन काही होत नाही.

आणि तुमचा स्वतःचा छोटा उद्योग असेल, तर उद्यमचा अर्ज सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर सोडू नका. तो सापडेल तो ९ ने संपणारा क्रमांक टाकून मोकळा होतो. यादी मोफत उपलब्ध आहे, प्रत्येक क्रमांकाखाली कोणतं काम येतं ते लिहिलेलं आहे. पापड करत असाल, तर १०७९६ लिहा.